डिमेन्शियाचा पेशंट गेल्यावर सांभाळणाऱ्यांचे आभार कसे मानावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, दुखणं वर्षानुवर्षं चालतं. शेवटच्या टप्प्यात भरवणं, अंघोळ घालणं, डायपर बदलणं, रात्री चार वेळा उठून समजूत काढणं हे सगळं कुणीतरी एकच माणूस करत असतं. मुंबईत ते माणूस बहुतेक वेळा ब्युरोकडून, म्हणजे पेशंट सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, आलेली मावशी किंवा दादा असतात, नाहीतर घरातलीच सून, लेक, बायको. पेशंट गेला की घर भेटायला येणाऱ्यांनी भरतं आणि ज्यांनी सगळं केलं त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड राहत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की त्यांना उद्यापासून कशाची गरज पडणार आहे हे ओळखून आभार मानावेत. शाल-श्रीफळ त्यानंतर.

पेशंट गेला त्या दिवशी मावशींसाठी काय करायला हवं?

बातमी तुम्ही स्वतः सांगा. पेशंट हॉस्पिटलमध्ये गेला असेल, मावशी सुटीवर किंवा दुसऱ्या पाळीला असतील, तर त्यांना फोन करा. तीन-चार वर्षं ज्यांना हाताने भरवलं, ते गेल्याचं वॉचमनकडून किंवा ब्युरोकडून कळणं फार लागतं. अंत्यदर्शनाला येता येईल अशी वेळ सांगा. त्या विरार, कर्जत, कसाऱ्याकडे राहत असतील तर शक्य असल्यास तासभर थांबा. स्मशानात यायचं आहे का, हेही विचारा. यायचं असेल तर गाडीत जागा धरून ठेवा.

दुसरी गोष्ट राहण्याची. चोवीस तासांच्या मावशींना मुंबईत बहुधा दुसरं घर नसतं. ब्युरोच्या हिशेबात पेशंट गेला की ड्युटी संपते, म्हणजे एकाच दिवशी त्यांचं काम जातं, छप्पर जातं आणि जीव लावलेलं माणूसही जातं. निदान बाराव्या-तेराव्यापर्यंत त्यांना राहू द्या आणि त्या दिवसांचा पगार द्या. मात्र या दिवसांत त्यांच्याकडून पाहुण्यांचा स्वयंपाक करून घेऊ नका. घरात माणसं वाढली की हे नकळत होतं, म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्यांना सांगून ठेवा.

पैशांचा हिशेब कोणत्या क्रमाने करावा?

आधी देणं, मग भेट. चालू महिन्याचे भरलेले दिवस, न घेतलेल्या सुट्या, जादा थांबलेल्या रात्री, औषधं किंवा रिक्षासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे हे सगळं त्यांच्यासमोर बसून कागदावर मांडा. त्यांनी उचल घेतली असेल तर तीही लिहा. माफ करायची असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि कागदावर नोंदवा, नाहीतर त्यांच्या मनात ते ओझं राहतं. ब्युरोमार्फत पगार जात असेल तर शेवटच्या महिन्याचे पैसे मावशींना पोचले का, हे ब्युरोला न विचारता मावशींनाच विचारा.

त्यानंतर एका महिन्याचा पगार वेगळा द्या. नवी ड्युटी लागेपर्यंत मधे दिवस जातात आणि पेशंट लागोपाठ मिळतोच असं नाही. हा पगार पहिल्या आठवड्यातच हातात पडावा. बारावा होऊ दे, मग बघू, असं म्हटलं की महिना कधी उलटतो ते कळत नाही.

ग्रॅच्युइटी द्यावी लागते का?

ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी आहे. घरी ठेवलेल्या बाईंना तो सहसा लागू होत नाही. पण १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेलं त्याचं सूत्र आभाराची रक्कम ठरवायला चांगलं आहे, कारण त्यात भावंडांच्या वादाला जागा राहत नाही. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले कामाची वर्षं.

उदाहरणार्थ, पगार २०,८०० रुपये आणि काम चार वर्षं. २०,८०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ८००. त्याचे १५ दिवस म्हणजे १२,००० आणि चार वर्षांचे ४८,०००. रोजावर काम असेल तर भागाकाराची गरज नाही, थेट रोज गुणिले १५ गुणिले वर्षं. कायद्यात साधारणपणे पाच वर्षांची अट आहे. घरच्या हिशेबात ती लावू नका. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातली दोन वर्षं माणसाची कंबर आणि झोप दोन्ही घालवतात.

एवढी ऐपत नसेल तर जेवढं जमेल तेवढं द्या, पण हप्त्याने देणार असाल तर तारखा लिहून द्या.

रोख द्यावं की खात्यात?

त्यांच्या स्वतःच्या खात्यात. विचारताना त्यांना एकटीला विचारा. नवरा, भाऊ किंवा ब्युरोचा माणूस शेजारी असेल तर खरं उत्तर मिळणार नाही. कित्येक बायकांचा पगार ज्या खात्यात जातो ते वर्षानुवर्षं दुसऱ्याच कुणाचं असतं. स्वतःचं खातं नसेल तर जनधन खातं उघडायला सोबत जा. ही मदत पैशांपेक्षा जास्त टिकते.

कराचं थोडक्यात. नात्यात नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर कर लागत नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं मात्र कायद्यात बसत नाही.

पैशांसोबत विमाही सुचवता येतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. जीवन ज्योती या आयुर्विम्याच्या योजनेचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, प्रवेशाचं वय १८ ते ५०. दोन्हींचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, त्यामुळे मे-जूनमध्ये खात्यात तेवढी शिल्लक नसली की संरक्षण बंद पडतं. हे त्यांना नीट समजावून सांगा.

अनुभवाचं पत्र कसं लिहावं?

आमच्या मते सगळ्यात मोलाची भेट हीच, आणि बहुतेक घरं नेमकी हीच विसरतात. ‘बाई प्रामाणिक व कष्टाळू आहेत’ एवढ्या ओळीने पुढच्या घरी काही फरक पडत नाही. कामाचा तपशील असलेल्या पत्राने पगार वाढवून मागता येतो. पत्र असं लिहिता येईल:

‘श्रीमती (आधारवरचं पूर्ण नाव) यांनी मार्च २०२१ ते जून २०२५ या काळात माझ्या आईची चोवीस तास शुश्रूषा केली. आईला अल्झायमर होता. पहिली दोन वर्षं ती चालती-फिरती होती. तिला घराबाहेर जाण्याची ओढ असे आणि संध्याकाळी अस्वस्थता वाढे. अशा वेळी बाई तिला न रागावता, विषय बदलून शांत करत. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती. गिळताना ठसका लागत असल्याने तिला बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, अंथरुणातच अंघोळ, डायपर बदलणे, तोंडाची स्वच्छता आणि औषधांची वही ठेवणे ही कामं त्यांनी केली. अधिक माहितीसाठी मला फोन करावा.’

खाली तारीख, सही, तुमचं नाव आणि नंबर. त्यांनी केलं तेवढंच लिहा. नळीवाटे आहार दिला नसेल आणि पत्रात तो आला, तर पुढच्या पेशंटच्या जिवाशी खेळ होईल. पेशंटच्या रिपोर्टच्या प्रती जोडू नका. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहा, कारण पुढचं घर गुजराती, पारशी, दक्षिणी कुणाचंही असू शकतं. दोन छापील प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या आणि पीडीएफ त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाच वर्षं ‘मावशी’ म्हणून हाक मारलेल्या बाईंचं पूर्ण नाव घरात कुणालाच माहीत नाही, असं अनेकदा घडतं. आता विचारून घ्या.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे. वय १८ ते ६० मध्ये असेल आणि नोंदणी झाली नसेल, तर त्यासाठी लागणारा तुमच्याकडे काम केल्याचा दाखला याच वेळी सही करून द्या.

घरातली वस्तू सापडत नाही. संशय बोलून दाखवावा का?

वस्तू लपवून ठेवणं आणि मग ‘चोरली’ म्हणून जवळच्या माणसावर आळ घेणं हे डिमेन्शियाचं नेहमीचं लक्षण आहे. तांदळाचा डबा, उशीचे अभ्रे, देव्हाऱ्यामागची फट, जुन्या पर्सचं अस्तर, गादीची शिवण, फ्रीजरचा कप्पा, चपलांचं कपाट हे सगळं आधी नीट बघा. जुने कपडे आणि गाद्या भंगारात देण्याआधी प्रत्येक खिसा चाचपा. बांगडी, नोटा, कवळी, चाव्या अशा ठिकाणी निघतात.

याला दुसरी बाजूही आहे. पेशंटने नातेवाइकांसमोर मावशींवर चोरीचा आळ घेतला असेल, तर तो आळ काहींच्या मनात राहून जातो. बाराव्याला चार माणसं जमली असताना ‘आई आजारामुळे तसं बोलायची, मावशींनी कधी एक रुपया हलवला नाही’ असं मोठ्याने सांगा. पेशंटला ते कधीच सांगता येणार नव्हतं, तुम्हाला येतं. निघताना त्यांची बॅग तपासणं हा प्रकार तर कुणीही करू नये.

बाराव्या-तेराव्याला त्यांना बोलवायचं का? सुतकाचं काय?

बोलवा, आणि पाहुणे म्हणून बोलवा. सुतक त्यांना लागत नाही, त्यांच्या घरी सण असेल तर तो त्यांनी करावा. गोडाच्या जेवणाला त्या पंगतीत बसतील, वाढायला किंवा चहा करायला उभ्या राहणार नाहीत, एवढी व्यवस्था आधी करा. एखाद्या थोरल्या आत्याबाईंना त्यांच्याशेजारी बसवलं तर त्यांना अवघडल्यासारखं होत नाही. शोकसभेत घरचं कुणी बोलणार असेल तर त्यांचं नाव घ्या आणि एक नेमकी गोष्ट सांगा: बाबा कुणाच्याही हातून जेवत नव्हते, यांच्या हातून जेवायचे. एवढं पुरतं. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत नाव घालायचं असेल तर त्यांना विचारूनच.

ख्रिस्ती, मुसलमान किंवा बौद्ध केअरटेकर असतील तर तुमच्या विधीत त्यांना ओढू नका. आपल्या पद्धतीने प्रार्थना करायची आहे का, एवढं विचारा.

आईच्या साड्या, पलंग, व्हीलचेअर त्यांना द्यावी का?

विचारा, आणि ‘नको’ म्हणायला जागा ठेवा. गेलेल्या माणसाची वस्तू घेऊ नये असं अनेकजण मानतात. शिवाय आपल्याकडे तेराव्याला शय्यादान, छत्री, चपला दान देण्याची चाल आहे. पलंग-गादी मावशींना दिली तर ती दान म्हणून आली की भेट म्हणून, हा प्रश्न त्यांच्याही मनात येतो. अडचण जागेचीही असते. दहा बाय दहाच्या खोलीत हॉस्पिटलची कॉट मावत नाही. ती, एअर मॅट्रेस आणि व्हीलचेअर तुमच्या भागात रुग्णसाहित्य भाड्याने किंवा विनामूल्य देणारं केंद्र असेल तर तिथे द्या.

साडी द्यायची तर नवी कोरी द्या. आईची एखादी साडी त्यांनी स्वतःहून मागितली तर ती धुऊन, इस्त्री करून, घडी घालून द्या. दागिना देणार असाल तर बिल त्यांच्या नावावर करा किंवा वर्णन, वजन आणि तारीख लिहून सहीची चिठ्ठी द्या. उद्या कुणी विचारलं तर ती कामी येते. फोटो द्यायचा तर पेशंट हसताना, चांगल्या दिवसांतला असावा. शेवटच्या आजारातले फोटो त्यांनी रोज पाहिलेलेच असतात.

उरलेली औषधं, विशेषतः झोपेच्या आणि चित्त शांत करणाऱ्या गोळ्या, कुणालाही देऊ नका. एका पेशंटचा डोस दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

काय बोलू नये?

‘सुटलात एकदाच्या’, ‘आता आराम करा’, ‘तुम्हाला काय, दुसरा पेशंट मिळेल’. ही वाक्यं नकोतच. ‘तुम्ही केलंत त्याचं मोल पैशात होत नाही’ हे वाक्य खरं आहे, पण ते पैसे दिल्यावर बोलावं.

त्या रडल्या नाहीत म्हणून त्यांना दुःख नाही असं समजू नका. कित्येकींना पुढचे काही आठवडे ठरलेल्या वेळी रात्री जाग येते, कूस बदलायला हात पुढे जातात. ज्यांच्याशी त्यांना याबद्दल बोलता येईल असं माणूस त्या घरातच असतं, म्हणजे तुम्ही. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

सगळं घरातल्याच एकीने केलं. तिचे आभार कसे मानायचे?

इथे सगळ्यात जास्त चुकतं, कारण ‘घरचीच आहे, तिला काय सांगायचं’ असं धरून चाललं जातं. पुण्या-बंगळूरला किंवा परदेशात राहणाऱ्या भावंडांनी पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात.

उपचारांत खोट काढणं थांबवा. ‘नळी का घातली’, ‘आधी हॉस्पिटलला का नेलं नाही’ हे प्रश्न बारा दिवसांत विचारूच नका. शेवटच्या टप्प्यात ठसक्याने होणारा न्यूमोनिया चांगल्यात चांगल्या शुश्रूषेतही होतो. हे डॉक्टरांच्या तोंडून सगळ्या भावंडांना एकत्र ऐकवलं तर वहिनीच्या मनावरचा भार उतरतो.

खर्चाचा हिशेब तुम्ही मागा, तिला मागायला लावू नका. डायपर, ब्युरो, औषधं, नोकरी सोडल्याने बुडालेला पगार यांची यादी करून वाटा ठरवा. बहीण, भाऊ, वहिनी यांना दिलेली रक्कम नात्यातली भेट असते, त्यावर घेणाऱ्याला कर लागत नाही.

आणि फ्लॅट. अविवाहित बहीण आई-बाबांना सांभाळत त्याच घरात राहत असेल तर निदान वर्षश्राद्धापर्यंत विक्रीचा विषय काढू नका. सोसायटीत नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे यावर मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्क चालतो. तिच्या नावे हक्कसोडपत्र करायचं असेल तर ते नोंदणीकृत करा, तोंडी शब्दावर ठेवू नका. सासूबाईंना सांभाळणाऱ्या सुनेला, तिचा नवरा हयात असताना, सासूच्या मिळकतीत वारस म्हणून काही मिळत नाही. तिला द्यायचं ते भावंडांनी ठरवूनच द्यावं लागतं.

रोजच्या मदतीचं म्हणाल तर: तिला एकटीला दोन आठवडे माहेरी किंवा गावी जाऊ द्या. तिची राहून गेलेली तपासणी करून घ्या, म्हणजे दात, डोळे, साखर, रक्तदाब, पाठ. बँक, पेन्शन, गॅस, वॉर्ड ऑफिसचे दाखले ही धावपळ दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्या. पेशंट गेला म्हणून पुढचं आजारी माणूस आपोआप तिच्या गळ्यात पडू देऊ नका.

हॉस्पिटल किंवा शुश्रूषा केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना काय द्यावं?

केईएम, सायन, नायर ही महापालिकेची आणि जे.जे. हे राज्य सरकारचं रुग्णालय. तिथल्या कर्मचाऱ्यांना पैसे किंवा महागडी वस्तू देऊ नका, ते त्यांनाच अडचणीचं ठरतं. अधिष्ठाता आणि मेट्रन यांच्या नावे पत्र लिहा. त्यात वॉर्ड, तारखा आणि नर्स, आया, वॉर्डबॉय यांची नावं असू द्या. एक प्रत वॉर्डात द्या.

खासगी केंद्रात आधी व्यवस्थापकांना नियम विचारा. एकालाच भेट दिली की बाकीचे दुखावतात. खाऊ नेणार असाल तर किती पाळ्या आहेत आणि प्रत्येकीत किती माणसं, हे विचारून न्या. सकाळी दिलेले पेढे रात्रपाळीला पोचत नाहीत, आणि डिमेन्शियाच्या पेशंटची खरी झुंज रात्रपाळीच देते. न उघडलेले डायपर, अंडरपॅड, हातमोजे केंद्राला उपयोगी पडतात. साइज आणि मुदत पाकिटावर ठळक लिहा.

आणखी कुणाला विसरू नये?

जिन्यावरून खाली आलेल्या आजोबांना गेटवर थांबवून ‘चला, चहा घेऊ’ म्हणत परत आणणारा वॉचमन. रविवारी बदली येणाऱ्या ताई. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, रात्री दहाला डायपर पोचवणारा केमिस्टचा मुलगा, एकच प्रश्न वीस वेळा ऐकून घेणारी शेजारीण. यांना भेटून, नाव घेऊन, त्यांनी काय केलं ते सांगून आभार माना. वॉचमनला पाकीट द्या.

त्यांच्या नावे देणगी दिली तर चालेल?

चालेल, पण त्यांचं देणं दिल्यानंतर. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच आजारावर काम करते. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनही ज्येष्ठांसाठी काम करतं. केअरटेकरच्या प्रशिक्षणासाठी रक्कम वापरली जाईल का, हे आधी विचारा. देणगीवरची आयकराची ८०जी कलमाखालची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही.

वागणूक चांगली नव्हती, तरी आभार मानायचे?

पगार पूर्ण द्या, तो कामाचा आहे. आभार मनात असतील तेवढेच माना. पण खोटं चांगलं पत्र लिहू नका. पुढच्या घरचा पेशंट तक्रार करू शकणार नाही. मारहाण, उपासमार, जादा गोळ्या देऊन झोपवणं असं काही घडलं असेल तर ब्युरोला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार करा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मार्ग सांगते. अंगावर जखम झाली म्हणजे हेळसांडच झाली असं मात्र नाही. शेवटच्या महिन्यांत वजन घटतं, कातडी पातळ होते, आणि वेळेवर कूस बदलूनही बेडसोर होऊ शकतो. घरी येणाऱ्या डॉक्टरांना विचारून मग मत बनवा.

पुढे संपर्क कसा ठेवावा?

त्या नव्या ड्युटीवर असतात, म्हणून फोनची वेळ त्यांनाच विचारा. दुपारी पेशंट झोपलेला असताना बहुधा जमतं. पहिला फोन महिनाभराने करा आणि काम लागलं का ते विचारा. ओळखीत गरजू घर असेल तर त्यांचा नंबर त्यांच्या परवानगीने द्या. पहिल्या दिवाळीला ‘यंदा आमची दिवाळी नाही’ म्हणून त्यांचा बोनस चुकवू नका. सण तुम्ही करणार नसाल, त्यांच्या घरी आहे. वर्षश्राद्धाची तिथी पंधरा दिवस आधी इंग्रजी तारखेसह कळवा, म्हणजे त्यांना सुटी मागता येते.

माणूस जाऊन चार वर्षं झाली. आता उशीर झाला का?

नाही. नंबर बदलला असेल तर ब्युरोला, बदली येणाऱ्या ताईंना किंवा वॉचमनला विचारा. गावाकडच्या बायका एकमेकींच्या संपर्कात असतात. फोन लागल्यावर आधी त्यांचं कसं चाललं आहे ते ऐकून घ्या. राहिलेलं देणं असेल तर ते खात्यात टाका. अनुभवाचं पत्र आजच्या तारखेने, तेव्हाचा काळ नमूद करून आताही लिहिता येतं, आणि त्यावर तुमचा चालू नंबर असला की पुढचं घर तुम्हालाच फोन करून विचारेल. तो फोन उचला.